५/३/७१ म्हणजे नक्की कधी? लेड झेपलिनच्या जुन्या कॉन्सर्ट्सच्या तारखा लोक कशा शोधून काढतात

समजा एक जुनी कॅसेट आहे, वर बॉलपेनने 'लेड झेप ५/३/७१' एवढंच लिहिलंय, गावाचं नाव नाही की हॉलचं नाव नाही. आपण हे ५ मार्च १९७१ असं वाचणार, ब्रिटिश माणूसपण तसंच वाचणार, पण लिहिणारा अमेरिकन असेल तर तेच ३ मे होतं, कारण ते लोक महिना आधी लिहितात. आता खरी डोकेदुखी अशी की या दोन्ही तारखांना बँड खरंच स्टेजवर होता! ५ मार्चला बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये आणि ३ मेला कोपनहेगनच्या के. बी. हॉलेनमध्ये.

मग ठरवायचं कसं? टेप लावून ऐकायची. त्यात 'फोर स्टिक्स' हे गाणं निघालं तर कोपनहेगन, विषय संपला, कारण हे गाणं या बँडने स्टेजवर वाजवल्याची एकच नोंद मिळालीय आणि ती त्या रात्रीची आहे. पण नाही निघालं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही हां, म्हणजे लगेच 'चला, बेलफास्ट' म्हणून मोकळं होता येत नाही, कारण टेप मध्येच संपलेली असू शकते, कोणीतरी कॉपी करताना अर्धी साइड गाळलेली असू शकते, काहीही. एखादी गोष्ट टेपवर 'आहे' हा पुरावा असतो, 'नाही' हा फार क्वचित पुरावा असतो. या सगळ्या उद्योगाचा पाया म्हणाल तर हा आहे, आणि नवीन लोक इथेच हमखास घसरतात.

उद्योग म्हणजे काय ते आधी सांगतो. लेड झेपलिन १९६८ मध्ये सुरू झाला, ब्लूजवर (म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या गाण्यांवर) पोसलेला रॉक बँड, जिमी पेज गिटार, रॉबर्ट प्लांट गायक, जॉन पॉल जोन्स बेस आणि कीबोर्ड, जॉन बॉनम ड्रम्स. सप्टेंबर १९८० मध्ये बॉनम गेला आणि बँड थांबला. या बारा वर्षांत ते डेन्मार्कमधल्या शाळेच्या हॉलपासून अमेरिकेतल्या प्रचंड स्टेडियमपर्यंत कुठे कुठे वाजवत फिरले. आता यातला प्रत्येक शो कधी झाला, कुठे झाला, आणि त्या रात्री कुठली गाणी कुठल्या क्रमाने वाजली (म्हणजे सेटलिस्ट) याची यादी जगभरातले चाहते गेली कित्येक दशकं बनवतायत. पैसे कोणी देत नाही. घरचे लोक वेडात काढतात.

तुम्ही म्हणाल बँडकडे डायरी असेल ना, मॅनेजरकडे फाइल असेल. काही कागद आहेत, पण तो काळ बघा. १९६९ च्या जानेवारीत हे लोक अमेरिकेत व्हॅनिला फजसारख्या मोठ्या बँडच्या आधी वाजवणारे कोणीतरी होते, तेही मुळात जेफ बेकचा ग्रुप आयत्या वेळी गळाला म्हणून यांना जागा मिळाली. अशा बँडची नोंद कोण ठेवणार? २६ डिसेंबर १९६८ ला डेन्व्हरमध्ये त्यांचा अमेरिकेतला पहिला शो झाला. चारच दिवसांनी स्पोकेन गावात गोंझागा युनिव्हर्सिटीत शो होता, त्याच्या पेपरातल्या जाहिरातीत नाव छापलंय 'लेन झेफ्लिन'. कोणी 'लेड झेपलिन' म्हणून जुने पेपर शोधत बसला तर त्याला ही जाहिरात जन्मात सापडणार नाही. आणि ही काही साधीसुधी तारीख नाही, बँडचं आजवर मिळालेलं सगळ्यात जुनं लाइव्ह रेकॉर्डिंग याच ३० डिसेंबरच्या रात्रीचं आहे.

नावाचा घोळ एवढ्यावर थांबत नाही. १९६८ च्या सुरुवातीच्या शोजना ते 'यार्डबर्ड्स' किंवा 'न्यू यार्डबर्ड्स' नावाने जात होते, कारण पेज आधी त्या बँडमध्ये होता आणि ठरलेले शो पूर्ण करायचे होते. आणि २८ फेब्रुवारी १९७० ला कोपनहेगनला चक्क 'द नॉब्ज' नावाने वाजवलं, कारण झेपेलिन घराण्यातल्या एका बाईंनी आमचं नाव वापराल तर कोर्टात खेचेन अशी धमकी दिली होती. त्यामुळे अनुभवी मंडळी बँडचं नाव शोधतच नाहीत, ती हॉलचं नाव शोधतात आणि त्या आठवड्याचे सगळे पेपर पान पान करून बघतात. कंटाळवाणं काम आहे, पण बहुतेक नवीन शोध असेच लागलेत.

आता पुराव्यांचं बघू. पोस्टर, तिकीट, पेपरातली बातमी, फोटो, टेप, माणसाची आठवण. नवखा माणूस यांना एकाच तराजूत तोलतो, पण प्रत्येक पुरावा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. पोस्टर आणि तिकीट शोच्या आधी छापलेलं असतं, म्हणजे ते काय 'ठरलं' होतं ते सांगतं, काय 'घडलं' ते नाही. ३० जुलै १९७७ ला न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये शो ठरलेला होता, पण चार दिवस आधी प्लांटचा लहान मुलगा वारला आणि उरलेली अख्खी टूर रद्द झाली. आता शो रद्द झाला म्हणून छापलेली तिकिटं काही आपोआप नाहीशी होत नाहीत, आणि पन्नास वर्षांनी एखाद्या नातवाला आजोबांच्या खणात असं तिकीट सापडलं की तो छातीठोकपणे सांगणार, आजोबा तिथे होते! त्याचा भाऊ शोभावा असा प्रकार टॅम्पाचा. ३ जून १९७७, तिकिटावर 'पाऊस असो नसो' छापलेलं, आणि तीन गाणी होतात न होतात तोच वादळी पावसाने शो बंद. तिथे तिकीट खरं, तारीख खरी, पण नेहमीची तीन तासांची सेटलिस्ट त्या तारखेला चिकटवली की झाला गोंधळ.

पेपरातलं परीक्षण पोस्टरपेक्षा भक्कम, कारण निदान लिहिणारा तिथे हजर असतो (असं आपण धरून चालतो). फक्त 'काल रात्री' म्हणजे कुठली रात्र ते पेपर रोजचा आहे की आठवड्याचा, सकाळचा की संध्याकाळचा, यावर ठरतं. शिवाय परीक्षण लिहिणाऱ्याला गाण्यांची नावं माहीत असतीलच असं नाही. 'स्टेअरवे टू हेवन' पहिल्यांदा लोकांसमोर आलं ते त्याच ५ मार्च १९७१ च्या बेलफास्टच्या शोला, आणि अल्बम आला नोव्हेंबरमध्ये. म्हणजे आठ महिने लोक हे गाणं ऐकत होते आणि आपण नक्की काय ऐकतोय हे कोणालाच माहीत नव्हतं. पण तारीख लावणाऱ्याला ही माहिती सोन्यासारखी, कारण ज्या टेपवर 'स्टेअरवे' आहे ती त्या मार्चच्या आधीची असूच शकत नाही, वर लेबल १९७० चं असलं तरी. गाणं कधी सेटमध्ये आलं आणि कधी गेलं याचे असे खुंटे ठोकले की टेप आपोआप दोन खुंट्यांच्या मध्ये अडकते. ड्रम सोलोचं नावसुद्धा कामाला येतं, सुरुवातीला प्लांट त्याला स्टेजवरून 'पॅट्स डिलाइट' म्हणायचा, बॉनमच्या बायकोच्या नावावरून, नंतर तोच भाग 'मोबी डिक' झाला. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' पहिल्या अल्बमवर साडेसहा मिनिटांचं आहे आणि १९७५ पर्यंत स्टेजवर ते अर्ध्या तासाच्या पुढे गेलेलं, म्हणजे नुसत्या लांबीवरूनसुद्धा वर्षाचा अंदाज येतो.

फोटोंचं पण असंच. सुरुवातीच्या टूर्समध्ये पेजच्या हातात टेलिकास्टर गिटार दिसते, १९६९ च्या वसंतानंतर लेस पॉल, आणि ती प्रसिद्ध दोन मानांची गिब्सन १९७१ पासून. बाथ फेस्टिव्हलला, म्हणजे जून १९७० ला, पेजला दाढी आहे. कपडे तर फारच उपयोगी, आणि त्याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण म्हणजे बँडची स्वतःची कॉन्सर्ट फिल्म, जी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या २७, २८ आणि २९ जुलै १९७३ च्या शोजवरून बनवली. तीन रात्रींचं फुटेज सरमिसळ करून जोडलंय, जे कमी पडलं ते पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये शेपर्टन स्टुडिओत पुन्हा शूट केलं, तोवर जोन्सने केस कापलेले म्हणून त्याला विग घातला. चाहत्यांनी मग फ्रेम थांबवून थांबवून आणि टेपशी ताडून बघत गाण्याचा कुठला तुकडा कुठल्या रात्रीचा याचे तक्ते केलेत. म्हणजे अधिकृत फिल्म आहे म्हणून तिला 'एका रात्रीची नोंद' समजाल तर फसाल. २००३ मध्ये आलेल्या अधिकृत लाइव्ह अल्बमचं तेच, तो २५ जून १९७२ लॉस एंजेलिस आणि २७ जून लाँग बीच अशा दोन शोजमधून शिवलेला आहे. रेडिओचं तर विचारूच नका, बीबीसीने लंडनच्या पॅरिस थिएटरमध्ये १ एप्रिल १९७१ ला रेकॉर्ड केलं आणि प्रसारण केलं ४ एप्रिलला, त्यामुळे घरी रेडिओवरून टेप करणारा माणूस प्रामाणिकपणे ४ तारीख लिहितो आणि यादीत एक भुताचा शो तयार होतो.

टेपबद्दल जरा जास्त बोलतो कारण मला स्वतःला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. टेप मुख्यतः दोन प्रकारच्या. एक साउंडबोर्ड, म्हणजे स्टेजवरच्या माइक्सचा आवाज थेट मिक्सरमधून घेतलेला, आणि दुसरी ऑडियन्स टेप, म्हणजे प्रेक्षकांत कोणीतरी रेकॉर्डर लपवून नेलेला. लपवून, कारण मॅनेजर पीटर ग्रँट प्रचंड देहाचा माणूस आणि टेप करणारा सापडला तर मशीन फोडायचा. व्हँकुव्हरला एकदा त्याच्या लोकांनी म्हणे कोणाचं तरी यंत्र बूटलेगवाला (म्हणजे चोरून रेकॉर्डिंग करून विकणारा) समजून फोडलं, आणि ते निघालं सरकारी माणसाचं, आवाजाची पातळी मोजायला आलेल्याचं. लॉस एंजेलिसचा माइक मिलार्ड तर व्हीलचेअरवर बसून आत जायचा, चालता येत नव्हतं म्हणून नाही, तर खाली नाकामिची रेकॉर्डर लपवता यावा म्हणून. २१ जून १९७७ चं त्याचं रेकॉर्डिंग आजही प्रेक्षकांतून केलेलं सर्वोत्तम म्हणून लोक शपथेवर सांगतात.

ही मूळ टेप हातात असेल तर प्रश्नच नाही. पण आपल्यापर्यंत येते ती कॉपीची कॉपीची कॉपी, आपल्याकडे खासगी मैफिलींच्या कॅसेट जशा एका घरातून दुसऱ्या घरात फिरत आल्या आणि प्रत्येक हातात लेबल थोडं थोडं बदलत गेलं, अगदी तसंच. प्रत्येक कॉपीला 'जनरेशन' म्हणतात आणि प्रत्येक जनरेशनला सूंऽऽ असा आवाज वाढतो. शिवाय वेग बिघडतो. रेकॉर्ड करताना बॅटरी उतरत गेली की मोटर हळू फिरते, म्हणजे टेप कमी सरकते, आणि मग तीच टेप नीट वेगाच्या मशीनवर लावली की गाणं पळायला लागतं आणि प्लांटचा आवाज आणखी वर चढतो (आधीच काय कमी वर होता).

हा वेग दुरुस्त करायला लोक काय करतात माहितीये? विजेची घरघर मोजतात. अँप्लिफायर, माइकच्या वायरी, सगळ्यातून मेन लाइनची एक बारीक घरघर टेपवर उतरते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झ, युरोपात आणि आपल्याकडे ५०. अमेरिकेतल्या शोची टेप कॉम्प्युटरवर टाकली आणि घरघर ६१.५ वर दिसली की समजायचं टेप अडीच टक्के जोरात पळतेय, तेवढी हळू करायची. 'न्यूयॉर्क' लिहिलेल्या टेपवर फक्त ५० च्या आसपास रेघ दिसली तर भुवया उंचावायच्या. पण इथेही घाई नको, कारण ती घरघर कॉपी करताना घुसलेली असू शकते, म्हणजे शो अमेरिकेतला आणि कॉपी लंडनमधल्या कोणाच्यातरी बेडरूममध्ये केलेली. आणि वरच्या आपल्या ५/३/७१ ला तर ही युक्ती शून्य उपयोगाची, बेलफास्ट पण ५० आणि कोपनहेगन पण ५०.

बरं, तारीख लागली, आता सेटलिस्ट लिहू, असं वाटतं ना सोपं? इथे ब्लूज आडवा येतो. पॉप बँडचं कसं, बारा गाणी, बारा नावं, संपलं. ब्लूजमध्ये ओळी सगळ्यांच्या सामायिक असतात, एकाच्या गाण्यातलं कडवं दुसऱ्याच्या गाण्यात जातं, गायक मूड आला की मध्येच तिसऱ्याचं काहीतरी सुरू करतो. झेपलिनच्या 'होल लोटा लव्ह'च्या मधोमध दर रात्री अशी खिचडी असायची, जॉन ली हूकरचं 'बूगी चिलन', मग जुनी रॉक अँड रोल गाणी, मग एखादा संथ ब्लूज, आणि परत मूळ गाणं. आता प्लांटने एखाद्या गाण्याच्या दोनच ओळी म्हटल्या तर ते सेटलिस्टमध्ये घ्यायचं का? यावरून भांडणं होतात, खरी कडाक्याची. माझं मत विचाराल तर बँड मागे त्या गाण्याची चाल धरत असेल तर घ्या, नुसता गायक गुणगुणत असेल तर कंसात टाका. पण गंमत अशी की तारीख लावायला हीच खिचडी सगळ्यात जास्त उपयोगी पडते, कारण बाकीचा सेट टूरभर जवळपास तोच असतो आणि ही मात्र रोज वेगळी. लेबल वेगळं असलेल्या दोन टेप्समध्ये खिचडीतली गाणी त्याच क्रमाने आली, प्लांटची बडबड पण तीच, आणि त्याच जागी कोणीतरी प्रेक्षकांत तीच शिट्टी मारली, तर त्या दोन रात्री नाहीत, एकच आहे. यादीतला एक शो खोडायचा. नवा शो सापडण्याएवढाच असा खोटा शो खोडण्यात आनंद असतो, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही.

आता या सगळ्या पद्धती जिथे येऊन अडतात ती जागा. मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टन शहराजवळ, व्हीटन यूथ सेंटर म्हणून पोरांसाठीचं एक केंद्र होतं, जिम असावी तसा हॉल. काही लोक सांगतात की २० जानेवारी १९६९ ला, सोमवारी रात्री, लेड झेपलिन तिथे वाजवून गेला, समोर पन्नासेक लोक होते. ती तारीख त्यांना आठवते कारण त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये निक्सनचा शपथविधी झाला. पुरावा? पोस्टर नाही, तिकीट नाही, फोटो नाही, टेप नाही, पेपरात ओळ नाही. फक्त माणसं. यावर एक अख्खी डॉक्युमेंटरी निघाली आणि तरी लोकांचं एकमत नाही.

दोन्ही बाजू बघा. बाजूने काय, तर कॅलेंडर जुळतं. १७ ते १९ जानेवारी बँड डेट्रॉइटच्या ग्रँड बॉलरूममध्ये, २३ पासून बॉस्टन टी पार्टीत, मध्ये मोकळे दिवस, आणि मोकळ्या दिवसात मिळेल तिथे वाजवून चार पैसे करणं हे तेव्हाच्या बँडसाठी रोजचंच. पहिला अल्बम अमेरिकेत येऊन जेमतेम आठवडा झालेला, त्यामुळे हॉल रिकामा असणंही पटतं. विरुद्ध काय, तर आठवण भावना पक्की धरते आणि तारीख सैल सोडते. त्याच वर्षी २५ मेला याच मेरीलँडमध्ये, कोलंबियाला, झेपलिन 'द हू' या बँडबरोबर वाजवून गेला, आणि ११ जुलैला लॉरेलच्या फेस्टिव्हलला. म्हणजे त्या भागातल्या सोळा वर्षांच्या पोराने त्यांना १९६९ मध्ये बघितलं असणं सहज शक्य आहे, फक्त नंतरच्या पन्नास वर्षांत मेची आठवण सरकत सरकत जानेवारीत जाऊन बसली असू शकते. आणि एकदा 'निक्सनच्या शपथविधीची रात्र' ही गोष्ट गावभर झाली की पुढचे साक्षीदार स्वतःचं आठवून सांगतायत की ऐकलेलं सांगतायत ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. दहा साक्षीदार एकमेकांशी बोललेले असतील तर ते दहा नाहीत, एकच. मी स्वतः 'झाला असावा'च्या बाजूला साठ-चाळीस आहे, पण यादीत त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलंच पाहिजे यात शंका नाही.

आणि असं प्रश्नचिन्ह आपल्या घराजवळ पण आहे बरं का. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत दोन गाणी नव्याने रेकॉर्ड केली, एक 'फ्रेंड्स' आणि दुसरं तेच 'फोर स्टिक्स', जे स्टेजवर एकदाच वाजल्याची नोंद आहे. अनेक वर्षं हे फक्त बूटलेगवर फिरत होतं, २०१५ मध्ये अधिकृतपणे आलं. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या नाइटक्लबमध्ये दोघं इथल्या पोरांबरोबर स्टेजवर चढले. पण महिना? जुन्या बूटलेगच्या कव्हरांवर मार्च छापलेलं, आणि बऱ्याच अभ्यासूंचं म्हणणं ऑक्टोबर. कॅलेंडर लावून बघितलं तर दोन्ही बसतं, ऑस्ट्रेलियाची टूर २९ फेब्रुवारीला ब्रिस्बेनला संपली आणि जपानची १० ऑक्टोबरला क्योटोला, दोन्हीनंतर थोडा मोकळा वेळ, आणि दोन्हीकडून घरी जाताना मुंबई वाटेवर. विजेच्या घरघरीने इथे काही कळणार नाही, गिटारवरून पण नाही.

इथे कळेल ते घरातल्या कागदांवरून. तेव्हा कॉलेजात असलेले, कुलाब्यात उठबस असलेले कोणी काका-मामा तुमच्या ओळखीत असतील तर त्यांना 'झेपलिनला कधी बघितलंत' असं सरळ विचारू नका, कारण मग ते वाचलेली तारीख सांगतील. तेव्हा पाऊस होता का, परीक्षा जवळ होती का, दिवाळीचे कंदील लागले होते का, असं विचारा. १९७२ ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. आणि फोटो निघालाच तर आधी उलटा करून बघा, त्या काळी बरेच स्टुडिओवाले मागे शिक्का मारायचे.